आपला देश आपण थेटरात ओळखला का? (कोल्हापूरच्या पडद्यावरून एक प्रश्न)

गंगावेशकर

मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आपण सगळे भारतीय, हा देश आपला, ही जी भावना आहे ती आपल्या घरात आली कुठून? पुस्तकातून म्हणावं तर माझ्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण शाळेत गेलेलेच नव्हते. भाषणातून म्हणावं तर मोठा पुढारी गावाकडं कधी फिरकला तर फिरकला. माझं मत असं की सामान्य माणसाला देश दाखवला तो पडद्यानं. आणि त्यात कोल्हापूरचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी कॅमेरा जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. पुण्यात तो बघून लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. टिळकांना त्यात काय दिसलं असेल हे ओळखणं अवघड नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांनी आधीच ताडलं होतं, म्हणून तर १९१० साली सरकारनं त्या नाटकावर बंदी घातली. तीच गोष्ट दहा वर्षांनी पडद्यावर आली, तीही एक शब्द न बोलता.

पुढं १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाचजणांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यांच्या शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाचं नाव होतं 'स्वराज्याचं तोरण'. सेन्सॉरला त्यातलं स्वराज्य खुपलं आणि नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. ध्यानात घ्या, तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. आपण मुंबई राज्यात गेलो ते १९४९ च्या मार्चात. कागदावर इथली रयत छत्रपतींची, पडद्यावर मात्र साऱ्या मुलखाची गोष्ट.

तर प्रश्न असा: तुम्हाला देश पहिल्यांदा कुठं 'दिसला'? सिनेमा, रेडिओ, टीव्ही, कॅलेंडर, काहीही चालेल. आणि त्या चित्रातून राहून कोण गेलं?

तांबडा_पांढरा

विषय खोल हाय भावा. रंकाळ्यावरचं भाजलेलं कणीस घेऊन बसलोय, चालू द्या.

नाना_उत्तरेश्वर

गंगावेशकर, चांगला धागा काढलात. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, तरी कबूल करतो की आमच्या पिढीला देश भूगोलाच्या तासाला नाही, फिल्म्स डिव्हिजनच्या न्यूज रीलमध्ये दिसला. मूळ सिनेमाच्या आधी ते दाखवणं थेटरवाल्यांना सक्तीचं होतं. काळा-पांढरा पडदा, मागं तो खणखणीत आवाज. भाक्रा धरण, भिलईची पोलाद भट्टी, कुठंतरी महापूर, कुठं परदेशी पाहुण्याचं स्वागत, शेवटी थोडं क्रिकेट.

आम्ही मुलं मुद्दाम लवकर जायचो, रील चुकू नये म्हणून. पुढच्या बाकड्यांवर धोतर-पटकेवाले शेतकरी असायचे, बाजाराला आलेले. एकदा पडद्यावर बर्फानं झाकलेला डोंगर आणि त्यावरून चाललेले जवान दाखवले. १९६२ नंतरचे दिवस. माझ्या पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला, देवळात बसल्यासारखा. त्याला तो डोंगर कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसेल. पण ही पोरं आपली आहेत हे कळलं होतं.

तेव्हा राष्ट्रगीतही खेळ संपल्यावर लागायचं. निम्मं थेटर दाराकडं पळायचं, हेही खरंच.

राधानगरीकर

नाना, भाक्रा आम्हीपण बघितलं हो. पण आमच्या फेजिवड्याचं धरण शाहू महाराजांनी त्याच्या कितीतरी आधी बांधायला घेतलं. आमच्या वडिलांचा रील बघताना कायम एकच प्रश्न असायचा, "आपलं कधी दावणार?" देश दिसला खरा, पण त्या देशात आपलं गाव शोधत बसायची सवय तिथूनच लागली.

मंजिरी_ताराबाई_पार्क

राधानगरीकरांनी मुद्द्याला हात घातला. पडद्यावर देश दिसतो तेव्हा त्यात कोण नाही हे बघितलं पाहिजे.

बायकांचं घ्या. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात तारामती पुरुषानं केली, कारण बाई मिळेना. आपल्या बाबूरावांनी 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनाच दिली, गुलाबबाई आणि अनुसूयाबाई. पण पडद्यावर त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. कामाचं कौतुक लांब राहिलं, समाजानं त्यांच्याकडं पाठ फिरवली. द्रौपदीच्या विटंबनेत पारतंत्र्यातल्या देशाचा अपमान बघणारा प्रेक्षक, द्रौपदी झालेल्या बाईला मात्र आपल्या दारात उभं करत नव्हता. बारा वर्षांनी दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या तेव्हा कुठं चांगल्या घरच्या मुलींना वाट मोकळी झाली, असं आपण अभिमानानं सांगतो. आधीच्या दोघींनी ती वाट पाडली होती, त्यांचं नाव कुणी घेत नाही. कोल्हापुरात त्यांच्या नावाची साधी पाटीही माझ्या बघण्यात नाही.

पन्हाळगडी

सगळे जुनंच बोलताय म्हणून थोडं आजचं. मी २३ वर्षांचा आहे. शिवकालावरचे अलीकडचे मराठी सिनेमे मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला बघितलेत. हो, शिट्ट्या वाजतात, घोषणा होतात, कुणी उठून मुजरा करतं. मलाही रडू आलं. त्यानंतर मी पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडं पायी गेलो, म्हाळुंगे, आंबेवाडी, पांढरपाणी, असं चिखल तुडवत. मसाई पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. ज्या वाटेनं ६०० मावळे रात्री पालखी घेऊन पळाले ती पायाखाली आल्यावर पुस्तकं आणून वाचली. सिनेमा नसता तर मी घरी मोबाईल बघत बसलो असतो. त्यामुळं ज्येष्ठांनी आमच्या सिनेमांना नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

वकील_काका

पन्हाळगडी, तू चालत गेलास याचा मनापासून आनंद आहे. माझी हरकत सिनेमाला नाही, त्यानंतरच्या अर्ध्या तासाला आहे. खेळ सुटल्यावर थेटरबाहेर जी भाषा ऐकू येते ती ऐकली की पडद्यावर फक्त शत्रू ठसला, महाराजांचं राज्य कसं चालायचं हे ठसलंच नाही, असं वाटतं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही ताकीद कुठल्या सिनेमात शिट्ट्या घेते?

राष्ट्रगीताचा विषय निघाला म्हणून नोंद करतो. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयानं ३० नोव्हेंबर २०१६ ला ते देशभर सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ ला सक्ती काढून ऐच्छिक केलं. मधल्या काळात मी माझ्या आईला घेऊन एका थेटरात गेलो होतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. राष्ट्रगीत सुरू झालं, ती उठायचा प्रयत्न करत होती आणि मागून एक तरुण ओरडला, "ओ मावशी, उभ्या राहा की!" १९४२ ला तिचे वडील बिंदू चौकातल्या तुरुंगात होते. ती काही बोलली नाही, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकून अर्धवट उभी राहिली. तो प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. देशप्रेमाची अशी तपासणी कुणी कुणाची करू नये.

पन्हाळगडी

काका, ते चुकीचंच होतं. आजींना माझा नमस्कार सांगा. पण तो एक पोरगा म्हणजे आमची अख्खी पिढी नव्हे.

ब्रशवाला

सगळे सिनेमावर बोलताय, पोस्टरवर कुणीच नाही! आमच्या घराण्यात बॅनर रंगवायचं काम होतं, फ्लेक्स येईपर्यंत. कापड लाकडी चौकटीला ताणायचं, सरस आणि व्हाइटिंगचा हात मारायचा, वाळलं की दोऱ्यानं चौकोन पाडायचे, फोटोवर तेवढेच चौकोन, आणि मग एकेका चौकोनातलं मोठं करत जायचं. चेहरा शेवटी, आणि तो वडीलच करणार. गालाच्या कडेला निळा आणि कपाळावर पिवळा असा फटकारा लांबून बघितला की जिवंत व्हायचा. जवळून बघाल तर नुसते रंगाचे गोळे.

आता मुद्दा. आज महाराष्ट्रात कुठल्याही सरकारी कचेरीत जा, महाराजांचं जे शासनमान्य चित्र भिंतीवर दिसतं ते रंगवलं आपल्या कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांनी. आणि कांबळे कोण? सिनेमाची पोस्टरं रंगवणारे थोर चित्रकार. म्हणजे महाराज डोळ्यांपुढं आणायला सांगितलं तर आपल्या डोळ्यांपुढं जे येतं ते सिनेमाच्या हाताचं आहे.

आणखी एक. शिवाजी चौकात आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. ४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. पुढं १९४५ साली तिथं महाराजांचा अर्धपुतळा बसला. तो घडवला बाबूराव पेंटरांनी आणि त्यामागं खटपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांची. दोघंही सिनेमावाले! मंजिरीताई, तुम्ही पाटीचं म्हणालात, तर या दोन बायांची आठवण त्या चौकातनं जाताना कितीजणांना होते?

तांबडा_पांढरा

ब्रशवाला दादा, नाद खुळा माहिती. रोज त्या चौकातनं जातोय. कणीस संपलं, पण आता उठवत न्हाई.

निपाणीची_मुलगी

थोडा वेगळा सूर लावते. तुम्ही कोल्हापुरातून बोलताय, मी पंचवीस-तीस मैलांवरून. १९५६ ला राज्यं झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, पुढं त्याचंच कर्नाटक झालं. आमच्या घरी भालजींचे सिनेमे म्हणजे सणच. मामा चिकोडीला राहायचे, ते राजकुमारचे कन्नड सिनेमे बघायचे आणि गाणी पाठ म्हणायचे. आजी तिकडं गेली की तीही बघायची, भाषा निम्मीच कळायची, तरी डोळे पुसायची. सीमाभागातल्या आंदोलनात वडिलांनी लाठ्या खाल्ल्यात, मराठीसाठी. त्याच घरात राजकुमार गेले तेव्हा, २००६ साली, मामा दोन दिवस जेवले नाहीत.

मला म्हणायचंय ते एवढंच. सिनेमा बोलायला लागला तिथंच एक मोठा देश भाषांच्या तुकड्यांत वाटला गेला. मूकपट बंगालातही चालायचा आणि मद्रासकडंही, मधल्या पाट्या बदलल्या की झालं. बोलपट आल्यावर प्रभातला 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत दोनदा काढावा लागला. मग प्रभात, भालजी यांनी घडवली ती भारतीय ओळख की मराठी? आमच्यासारख्यांना हा प्रश्न रोज जगावा लागतो.

गंगावेशकर

निपाणीची_मुलगी, तुमच्या प्रश्नानं धाग्याला वजन आलं. मला वाटतं दोन्ही. आणि दोन्हींत भांडण आहेच असं नाही. 'संत तुकाराम' घ्या. देहूची माणसं, मराठी अभंग, पात्रं घरातल्यासारखी बोलणारी. हिंदी अवताराची वाट न बघता तो मराठीतच मुंबईला वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. इतकं इथलं होतं म्हणूनच ते सगळ्यांचं झालं. सगळ्यांना आवडेल असं काही बनवायला निघाले असते तर ते कुणाचंच झालं नसतं.

कागलकर

गंगावेशकर, 'संत तुकाराम'चं नाव घेतलंत म्हणून सांगतो. त्याचे दिग्दर्शक दोघं, विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. साहेबमामा आमच्या कागलचे. शेख फत्तेलाल. विठ्ठलाच्या भक्ताचा देशातला सगळ्यात गाजलेला सिनेमा एका ब्राह्मणानं आणि एका मुसलमानानं खांद्याला खांदा लावून केला. त्यातलं ते देहूचं घर, ती इंद्रायणी, ते देऊळ उभं करण्यात मामांचा हात. तेव्हा हे सांगायचीसुद्धा गरज कुणाला वाटत नव्हती. आज मला ते मुद्दाम लिहावं लागतंय, याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण 'राहून कोण गेलं' असं विचारलंय तर बोललं पाहिजे. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ ला जी जाळपोळ झाली त्यात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. फिल्म जळाली, सामान जळालं. तयार होत आलेला 'मीठ भाकर' गेला, तो त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उभा केला. शिवाजी महाराज पडद्यावर आणणाऱ्या माणसाचा स्टुडिओ त्याच्याच गावातल्या लोकांनी जात बघून जाळला. पडद्यानं आपल्याला एक केलं असं म्हणताना हे पान उलटून पुढं जाता येणार नाही.

वकील_काका

कागलकर, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या घरी त्या दिवसांबद्दल कुणी बोलायचंच नाही. भालजींनी कडवटपणा न धरता इथंच राहून पुढं 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' दिले, याचं मोल मला फार वाटतं.

फुटबॉलवेडा_मंगळवार_पेठ

जरा विषयांतर, माफ करा. राष्ट्रीय ओळख म्हणताय तर वर्ल्ड कपच्या महिन्यात आमच्या पेठेत या. चौकाचौकात मेस्सी नाहीतर नेमारचे दोन मजली कटआऊट, गल्लीच्या ह्या टोकाला अर्जेंटिना, त्या टोकाला ब्राझील. बाहेरचा माणूस म्हणेल ह्यांचा देश कुठला? पण तीच पोरं स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीच्या दिवशी, २०२४ ला, तालमीत मोबाईल भोवती डोकी लावून बसली होती. नेमबाजीचे नियम कुणाला ठाऊक नव्हते, गुण कसे मोजतात ते तिथंच एकमेकांना विचारत होते. कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकला ब्राँझ जिंकला आणि हलगी वाजली ती मध्यरात्रीपर्यंत. १९५२ ला खाशाबांनी हेलसिंकीत पदक आणलं तेव्हा टीव्ही नव्हता, तरी बैलगाड्यांची मिरवणूक निघालीच होती की! सिनेमाशिवाय पण देश कळतो, एवढंच म्हणतो.

राधानगरीकर

कांबळवाडी राधानगरी तालुक्यात. अखेर आमचं गाव देशानं बघितलं. वडील असते तर लई खूश झाले असते.

मंजिरी_ताराबाई_पार्क

मूळ प्रश्नाकडं परत येते. गंगावेशकर, तुम्ही 'सैरंध्री' आणि 'उदयकाल'ची नावं घेतलीत, 'सावकारी पाश' कसा काय सुटला? १९२५ चा सिनेमा. देव नाही, राजा नाही, तलवार नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा शेतकरी आणि मग शहरात गिरणीत राबायला जाणं. गोष्ट ना. ह. आपट्यांची, शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. पंचवीस-तीस वर्षांनी हिंदीत ज्या गोष्टीवर लोकांनी टाळ्या दिल्या ती आपल्याकडं मूकपटात सांगून झाली होती. माझ्या मते देश म्हणजे काय हे सगळ्यात खरेपणानं त्यात आलं. पोवाड्यानं छाती फुगते, पण आपल्यासारखाच नाडलेला माणूस पंजाबात आणि बंगालातही आहे हे कळतं तेव्हा नातं जुळतं.

पन्हाळगडी

ताई, हा कुठं बघायला मिळेल?

नाना_उत्तरेश्वर

मूकपटाची प्रिंट आज नाही रे बाळा. बाबूरावांनीच १९३६ ला शालिनी सिनेटोनसाठी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला होता. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात मूकपटांचे थोडे तुकडे तेवढे जपलेत. ती फिल्म नायट्रेटची असायची, उष्णतेनं पेट घ्यायची, आणि त्यातली चांदी काढायला भंगारवाले विकत घ्यायचे. आपला अर्धा इतिहास असा चांदीच्या भावात गेला. कुणाच्या माळ्यावर जुने डबे, गाण्यांची पुस्तकं, काचेच्या स्लाइड्स असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका, पुण्याला कळवा.

ब्रशवाला

नाना, आमच्याकडं वडिलांनी काढलेली कच्ची रेखाटनं आहेत ट्रंकेत. वाळवी लागायला लागलीय. कसं जपायचं ते सांगा.

नाना_उत्तरेश्वर

उन्हात अजिबात वाळवू नका, रंग उडतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट होतं. वाळवी लागलेले कागद आधी बाकीच्यांपासून वेगळे करा. ट्रंक भिंतीपासून लांब, विटांवर ठेवा, आणि मधे साधा पांढरा कागद घालून सपाट ठेवा, गुंडाळी नको. बाकी मी रविवारी येऊन बघतो.

निपाणीची_मुलगी

मी नववीला मराठी शिकवते. आमच्याकडं वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी आहेत. हा धागा वाचून ठरवलंय की त्यांना 'संत तुकाराम' पूर्ण दाखवायचा आणि मग काही न सांगता विचारायचं, यातलं तुमचं काय? निबंध नको, नुसतं बोलू देत. आवलीच्या बोलण्यावर कन्नड घरातल्या पोरी हसतील याची मला खात्री आहे. शाळेत प्रोजेक्टर बिघडलाय, नवीन मिळायला वर्ष जाईल.

तांबडा_पांढरा

ताई, आमच्या मंडळाचा हाय की प्रोजेक्टर, गणपती सोडून पडूनच असतोय. निपाणीला घेऊन येतो. स्पीकर पण आणतो, फक्त वार कळवा.

पन्हाळगडी

मी पण येतो दादा गाडीवर मागं बसून. मीही अजून बघितला नाही.

निपाणीची_मुलगी

शनिवारी सकाळची शाळा असते, साडेसातला. आदल्या रात्रीच या, आमच्याकडं मुक्कामाला. मामांनाही बोलावते.